एकांचा वर्ग आणि दहाव्या पायरीवरचा हातचा

(इयत्ता ६ वी व ७ वी : गणिताच्या अध्यापनासाठी पाठटिपण)



कर्जत व खालापूर भागातील शाळांना भेटी देत असताना एक गोष्ट वारंवार माझ्या निदर्शनास येते. सहावी-सातवीतील मुले पाढे बिनचूक म्हणतात, तीन-चार अंकी गुणाकारही नीटनेटके करतात. परंतु फळ्यावर पंधरा-सोळा अंकी संख्या लिहिली की ती एकदम मागे सरकतात. इतकी मोठी संख्या ही आपली नव्हे, ती कोणा मोठ्या विद्वानांची, अशी समजूत त्यांच्या मनात घर करून बसलेली असते. स्पष्टच सांगावयाचे तर ती काही अंशी आपल्याही मनात असते. ही समजूत दूर करावी, आणि त्याचबरोबर गणितात 'असे दिसते' व 'असे असते' यांत केवढे अंतर आहे हे मुलांस अनुभवावयास मिळावे, या दुहेरी हेतूने पुढील पाठ सुचवीत आहे. पाठास साहित्य फारसे लागत नाही. एक फळा, थोडे चिंचोके आणि पळसाची पाने एवढे पुरे.

१. संख्येची ओळख

पाठाच्या आरंभी फळ्यावर पुढील संख्या लिहावी :

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

प्रथम मुलांस तिचे केवळ निरीक्षण करू द्यावे. 'यात काय दिसते?' एवढाच प्रश्न विचारावा. ती उजवीकडून वाचली काय किंवा डावीकडून वाचली काय, अंक तेच येतात, हे बहुतेक मुलांच्या लगेच ध्यानात येते. अंक मोजले तर ते १७ भरतात. वाचन करताना कोटीपाशी थांबून घ्यावे : १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, आणि त्यावर ७६ लाख ५४ हजार ३२१. भास्कराचार्यांनी 'लीलावती' या ग्रंथात (इ. स. ११५०) दशमान पद्धतीच्या अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील सतराव्या स्थानाचे नाव 'मध्य' व अठराव्याचे 'परार्ध' असे आहे. म्हणजे आपल्या संख्येचा पहिला एक 'मध्य' या स्थानी उभा आहे. परार्धाला एकच पायरी उरली आहे. ही नावे पाठ करून घेण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी एवढ्या मोठ्या स्थानांनाही नावे देऊन ठेवली होती एवढे मुलांस कळावे.

यानंतर सांगावे की ही भली मोठी संख्या एका अगदी साध्या संख्येचा वर्ग आहे. ती संख्या म्हणजे नऊ वेळा लिहिलेला एक : ११,११,११,१११. मुलांना हे खरे वाटत नाही. तसे ते वाटू नये हेच बरे. कारण आता खात्री करून घेण्याची इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झालेली असते.

२. पळसाच्या पानांचा गुणाकार

मोठ्याकडे जाण्यापूर्वी लहानापासून आरंभ करावा. पुढील वर्ग मुलांकडूनच काढून घ्यावेत :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

हे असे का होते, ते दाखविण्यासाठी पळसदरीच्या मुलांबरोबर मी जी युक्ती योजली ती सांगतो. गावाच्या नावातच पळस आहे, आणि 'पळसाला पाने तीनच' ही म्हण तेथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पळसाच्या एका देठाला तीन पाने असतात. म्हणून एक देठ म्हणजे १११ ही संख्या मानली. जमिनीवर खडूने चौकटी आखल्या. पहिल्या मुलाने आपल्या देठाची तीन पाने एका ओळीत ठेवली. दुसऱ्याने त्याखालच्या ओळीत आपली तीन पाने एक घर डावीकडे सरकवून ठेवली, तिसऱ्याने आणखी एक घर डावीकडे. आपण कागदावर १११ ला १११ ने गुणताना हेच करतो :

....१११
..१११.
१११..

आता प्रत्येक उभ्या रांगेतील पाने मोजावयास सांगितली. उजवीकडून एक, दोन, तीन, दोन, एक अशी ती भरली. हाच १२३२१. एक मुलगी आपण होऊन म्हणाली, "म्हणजे मधली रांग सर्वांत उंच, आणि दोन्हीकडे उतार." याहून चांगले स्पष्टीकरण मलाही देता आले नसते.

येथे थांबून आणखी एक प्रश्न विचारावा : एकंदर पाने किती? तीन देठ, प्रत्येकी तीन पाने, म्हणून नऊ. उभ्या रांगा मोजल्या तरी १ + २ + ३ + २ + १ = ९. चार ओळींत चार-चार चिंचोके मांडले तर १ + २ + ३ + ४ + ३ + २ + १ = १६. त्याच वस्तू आडव्या मोजल्या काय किंवा उभ्या मोजल्या काय, संख्या तीच राहावयाची. हा नियम कितीही ओळी घेतल्या तरी मोडत नाही, कारण त्याच्या पाठीशी कारण उभे आहे. हे वाक्य मुलांकडून आपल्या शब्दांत वदवून घ्यावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

नऊ ओळींत नऊ-नऊ चिंचोके मांडले की उभ्या रांगा १, २, ३ अशा चढत ९ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पर्यंत उतरतात. आरंभीची सतरा अंकी संख्या अशा रीतीने मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहते.

३. या संख्येचे आणखी काही गुण

(अ) मधला ९ बाजूला ठेवून डावा व उजवा भाग यांची बेरीज करावी : १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मधला अंक ९, आणि बेरजेतही सर्वत्र ९. लहान संख्यांतही हेच आढळते : १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३; १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४.

(आ) अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. चिंचोक्यांच्या नऊ ओळी आठवाव्यात. शिवाय ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. भागाकार १५,२४,१५,७८,९९,७१,०४१ असा येतो.

(इ) १,२३,४५,६७९ ही आठ गाळलेली संख्या आपणांपैकी पुष्कळांना परिचित असेल. तिला ९ ने गुणले की नऊ एक येतात. म्हणून वरील भागाकार हा १,२३,४५,६७९ चा वर्ग आहे.

(ई) नऊ एकांचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३,३३,६६७ असे आहेत. आपली संख्या त्यांचा वर्ग असल्यामुळे तिच्यात ३ हा अवयव चार वेळा आणि ३७ व ३,३३,६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. त्यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. हा भाग सातवीच्या हुशार मुलांसाठी राखून ठेवावा.

४. दहावी पायरी

आता वर्गात हमखास एक प्रश्न येतो, आणि न आला तर शिक्षकाने तो विचारावा : 'दहा एक घेतले तर?'

बहुतेक मुले उत्साहाने सांगतात की नवानंतर दहा, आणि मग पुन्हा उतार, म्हणून उत्तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१. येथे 'बरोबर' किंवा 'चूक' असे काहीच न म्हणता प्रत्यक्ष मांडणी करून घ्यावी. मधल्या उभ्या रांगेत दहा चिंचोके जमतात. परंतु एका स्थानी दहा हा अंक लिहिता येत नाही. तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. डावीकडे नऊ आहेत. त्यांत हातचा मिळविला की तेथेही दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढे आठ आहेत, ते नऊ होतात आणि हातचा तेथे संपतो. म्हणून खरे उत्तर असे :

१२३४५६७९००९८७६५४३२१

उलटसुलट सारखे वाचता येण्याचा गुण गेला, मधोमध दोन शून्ये आली आणि डावीकडचा आठ नाहीसा झाला. मुलांस याचे फार आश्चर्य वाटते. आगगाडीने येणाऱ्यांना पळसदरीचा अनुभव आहेच. कर्जतपासून एकाच वाटेने आलेले रूळ येथे दोन दिशांना फुटतात. एक फाटा खोपोलीकडे जातो, दुसरा बोरघाट चढतो. उभ्या रांगेतील वस्तूंची संख्या आणि त्या स्थानचा अंक या दोन गोष्टी नवापर्यंत एकाच रुळावरून चालतात. दहाव्या पायरीवर त्यांची फाटाफूट होते.

मग 'एकंदर चिंचोके म्हणजे वर्ग' हा नियमही मोडला काय? नाही. चिंचोके शंभरच आहेत. मात्र उत्तरातील अंकांची बेरीज ८२ येते. हातचा देताना एका स्थानचे दहा जातात व दुसऱ्या स्थानी एकच वाढतो, म्हणजे प्रत्येक हातच्याबरोबर अंकांची बेरीज नवाने घटते. हातचे दोन, म्हणून १०० मधून १८ वजा जाता ८२. ज्या नियमाला कारण होते तो टिकला. जो केवळ डोळ्यांना दिसला होता तो थांबला. पाठाचे सार येथे आहे.

५. माझी एक चूक

येथपर्यंतचे विवेचन वाचून, हे सर्व मला प्रथमपासून कळत होते असा आपला समज होऊ नये, म्हणून एक प्रसंग सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी नवखा शिक्षक असताना सातवीच्या वर्गात हीच वर्गांची माळ फळ्यावर लिहिली होती. नऊ एकांपर्यंत आल्यावर 'आणि असेच पुढे' असे म्हणून मी दहा एकांचे उत्तरही डौलाने लिहून टाकले. ते अर्थात वरील चुकीचे, वीस अंकी उत्तर होते.

वाडीवरून येणारा एक मुलगा मागच्या रांगेत बसत असे. तास संपता संपता तो वही घेऊन पुढे आला. त्याने दहा ओळींचा गुणाकार प्रत्यक्ष मांडला होता. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, हातचा राहिला ना?"

मी त्याची मांडणी पाहिली नाही. माझ्या उत्तराचा नवाचा ताळा मी सर्वांदेखत घेतला. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे १. त्याचा वर्ग १. माझ्या उत्तरातील अंकांची बेरीज ९१. नऊ आणि एक दहा, म्हणजे १. ताळा जुळला. "तुझाच हातचा चुकला असेल," असे म्हणून मी त्याच्या वहीवर तांबड्या शाईने फुली मारली. त्याच्याही उत्तराचा ताळा जुळत होता : ८२, म्हणजे १०, म्हणजे १. तो मी घेतलाच नाही.

रात्री घरी मी गुणाकार मांडून पाहिला तेव्हा त्याचे उत्तर अक्षरशः खरे निघाले. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तसे सांगावयास हवे होते. मी ते उद्यावर टाकले. मग दिवाळीची सुटी लागली. सुटीनंतर तो मुलगा आलाच नाही. त्याचे कुटुंब वीटभट्टीवर गेले होते, आणि त्या शाळेच्या पटावर त्याचे नाव पुढे लागले नाही. त्याच्या वहीवरची ती फुली आजही माझ्या हातची आहे, आणि ती पुसण्याची संधी मला पुन्हा मिळाली नाही.

६. ताळ्याविषयी दोन शब्द

या प्रसंगातून शिक्षकाने घ्यावयाचा गणिती बोधही महत्त्वाचा आहे. नवाचा ताळा अंक पाहतो, त्यांचे स्थान पाहत नाही. २७ ऐवजी ७२ लिहिले, किंवा एखादे शून्य जास्त पडले, तरी तो जुळतो. म्हणून ताळा न जुळल्यास उत्तर निश्चित चूक समजावे. परंतु जुळल्यास ते निश्चित बरोबर, असे कधीही समजू नये.

अशा वेळी अकराची कसोटी उपयोगी पडते. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करून त्यांची वजाबाकी घ्यावी. ती ० किंवा ११ च्या पटीत आली तर संख्येला ११ ने भाग जातो. दहा एकांना ११ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. माझ्या उत्तरात त्या बेरजा ४५ व ४६ येतात. फरक १, म्हणजे उत्तर चूक. मुलाच्या उत्तरात त्या ४१ व ४१ येतात. याशिवाय अंदाजही घ्यावा. दहा एकांची संख्या १,२०,००,००,००० पेक्षा लहान आहे. म्हणून तिचा वर्ग १४४ वर सोळा शून्ये यापेक्षा लहान, म्हणजे फार तर १९ अंकी. माझे उत्तर २० अंकी होते. नुसते अंक मोजले असते तरी चूक तेथेच सापडली असती.

७. देवळालीचे शिक्षक

या वर्गसंख्यांचा अभ्यास करून त्यांना जगभर ओळख मिळवून देणारे गृहस्थ आपल्यासारखेच शाळाशिक्षक होते, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यास व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, व १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षकाचे काम केले. उच्च पदवी नसल्यामुळे त्यांच्या संशोधनाकडे पुष्कळ काळ फारसे गांभीर्याने पाहिले गेले नाही.

ज्या संख्येचा डावा व उजवा भाग मिळविला असता मधलाच अंक पुनःपुन्हा येतो तिला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या एका स्थानकात ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून त्या स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. मुंबईहून पळसदरीस येणारी गाडी त्याच मार्गाने येते, हे मुलांस सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. एकांच्या वर्गांना कापरेकरांनी डेम्लो संख्यांत विशेष अद्भुत मानले.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपली सतरा अंकी संख्या ८१ ने भागली जाते, तेव्हा ती डेम्लोही आहे आणि हर्षदही. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध सर्वांत प्रसिद्ध आहे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात कापरेकरांच्या कार्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वत्र पोहोचले. १९८६ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या या संशोधनाला यंत्रसामग्री लागली नाही. लागली ती कागद-पेन्सिल आणि 'पुढे काय होते?' असे विचारीत राहण्याची चिकाटी. तोच प्रश्न माझ्या वर्गात मागच्या रांगेतून आला होता.

८. स्वाध्याय

(१) ५ एक व ६ एक यांचे वर्ग प्रथम मांडणी करून, नंतर मांडणीशिवाय लिहा.
(२) १६५, २७५, ३८५ या तीन अंकी डेम्लो संख्या आहेत हे दाखवा. प्रत्येकीस ११ ने भागा. भागाकारात काय आढळते? अशा आणखी पाच संख्या तयार करा.
(३) १ ते ५० मधील हर्षद संख्या शोधा.
(४) अकरा एकांचा वर्ग प्रत्यक्ष मांडून काढा. अंकांची बेरीज किती? हातचे मोजून ती आधीच सांगता येईल काय?
(५) ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा (५४३२ – २३४५). येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. कोठे थांबता?

पाचव्या प्रश्नात मुले तिसऱ्या वजाबाकीला ६१७४ वर येऊन थांबतील. त्यांना स्वतःची चार अंकी संख्या घेऊ द्यावी. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट आहे. सात पायऱ्यांच्या आत सर्वजण त्याच संख्येवर पोहोचतात. वजाबाकीत कधी तीनच अंक उरले तर पुढे शून्य लिहून चार अंक पूर्ण करावेत.

शेवटी एक विनंती. हा पाठ घेताना कोणी मूल आपले उत्तर फळ्यावरील उत्तराहून वेगळे घेऊन आले, तर तांबडी शाई हाती घेण्यापूर्वी त्याची मांडणी त्याच्याकडूनच एकदा वर्गाला वाचून दाखवावी. चूक त्याची असेल तर ती त्यालाच सापडेल. चूक आपली असेल तर ती त्याच दिवशी, त्याच फळ्यावर, सर्वांसमोर दुरुस्त करावी. आपल्या भागातील काही मुले दिवाळीनंतर कामावर जाणाऱ्या आईवडिलांबरोबर निघून जातात. 'उद्या सांगू' म्हणण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो.